विश्लेषण : डिस्चार्ज कार्डावरच्या ‘ॲम्प्युटेशन’चा अर्थ काय? एका शब्दावर कामगाराची भरपाई कशी ठरते?

पिंपरी, भोसरी, तळवडे ते चाकण-महाळुंगे या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे हजारो लहान-मोठे कारखाने आहेत. पत्रा कापणे, वाकवणे, त्याला भोके पाडणे ही कामे पॉवर प्रेसवर होतात. या यंत्रावरचा ओळखीचा अपघात म्हणजे बोट डायमध्ये सापडणे. कामगार घरी फोन करून ‘बोट गेले’ एवढेच सांगतो. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ‘ट्रॉमॅटिक ॲम्प्युटेशन’, ‘डिस्टल फॅलँक्स’, ‘क्रश इंज्युरी’ असे इंग्रजी शब्द असतात. पुढे विमा कार्यालय, वैद्यकीय मंडळ आणि गरज पडली तर न्यायालय हेच शब्द वाचते. त्यांचा नेमका अर्थ काय आणि कोणत्या शब्दाने किती फरक पडतो?

‘ॲम्प्युटेशन’ म्हणजे काय?

शरीराचा एखादा अवयव किंवा त्याचा भाग शरीरापासून तुटून वेगळा होणे किंवा शस्त्रक्रियेने वेगळा करणे म्हणजे ॲम्प्युटेशन. शब्द लॅटिनमधून आला आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ ‘भोवतीने छाटणे’ असा असून त्यातला ‘छाटणे’ हा भाग झाडाच्या छाटणीचा आहे. द्राक्षबागेची छाटणी आणि ‘हात छाटला’ हे दोन्ही प्रयोग मराठीतही एकाच क्रियापदाचे आहेत. मराठीत औपचारिक लेखनात ‘अंगच्छेदन’ किंवा ‘अवयवच्छेदन’ हे शब्द वापरतात, पण बोलण्यात ते कुणी वापरत नाही.

अडचण बोलण्यातल्या शब्दांची आहे. मराठीत हाड ‘मोडते’ आणि बोट ‘तुटते’, पण अनेक जण मोडलेल्या हाडालाही ‘तुटले’ म्हणतात. चाकण पट्ट्यात काम करणारे अनेक कामगार हिंदी भाषक आहेत. हिंदीत ‘उंगली टूट गयी’ म्हणजे सहसा हाड मोडले आणि ‘कट गयी’ म्हणजे बोट तुटून पडले किंवा नुसते कापले गेले. कॅज्युअल्टीत माहिती सांगणारा सहकारी कोणता शब्द वापरतो आणि लिहून घेणारा तो कसा समजून घेतो, यावर पहिली नोंद ठरते. वैद्यकीय भाषेत मात्र हे तीन वेगळे प्रकार आहेत : हाड मोडले तर ‘फ्रॅक्चर’, कापले गेले तर ‘लॅसरेशन’ किंवा ‘कट इंज्युरी’, भाग वेगळा झाला तर ‘ॲम्प्युटेशन’.

यंत्राने तोडले की डॉक्टरांनी काढले?

‘ट्रॉमॅटिक ॲम्प्युटेशन’ म्हणजे अपघातातच बोट तुटणे. येथे ‘ट्रॉमा’चा अर्थ मानसिक धक्का नसून शरीराला झालेली इजा असा आहे. ‘सर्जिकल ॲम्प्युटेशन’ म्हणजे बोट वाचण्यासारखे नसल्याने डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने काढणे. अनेकदा दोन्ही घडते. प्रेसखाली बोट अर्धवट तुटते आणि उरलेला चिरडलेला भाग शस्त्रक्रियेत काढावा लागतो. टोक नीट करून जखम बंद करण्याच्या या शस्त्रक्रियेला ‘रिव्हिजन ॲम्प्युटेशन’ किंवा ‘स्टंप क्लोजर’ म्हणतात. अवयव गेल्यावर जो भाग उरतो तो ‘स्टंप’.

कागदावर ‘ॲम्प्युटेशन डन’ एवढेच असेल, तर त्याचा अर्थ फक्त शस्त्रक्रिया झाली असा होतो. ती कशामुळे करावी लागली, हे त्यातून कळत नाही. ‘प्रेस मशिनमध्ये हात सापडून झालेल्या क्रश इंज्युरीमुळे’ हा दुवा त्याच कागदावर असावा लागतो. कारण मधुमेह किंवा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळेही बोट काढावे लागते.

याच संदर्भात वाहन उद्योगाच्या पट्ट्यात फसवा ठरू शकणारा एक शब्द म्हणजे ‘ऑटो-ॲम्प्युटेशन’. येथे ‘ऑटो’चा ऑटोमोबाइलशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ ‘आपोआप’. रक्तपुरवठा थांबून सुकलेले बोट आजारपणात आपोआप गळून पडते, त्याला हा शब्द आहे. कारखान्यातल्या अपघाताला तो लागू होत नाही.

‘क्रश’, ‘ॲव्हल्शन’ आणि ‘डीग्लोव्हिंग’ वेगळे का?

बोट कसे गेले, हे हे शब्द सांगतात. ‘क्रश’ म्हणजे चिरडणे, प्रेस आणि मोल्डिंग यंत्रावर हा प्रकार घडतो. ‘ॲव्हल्शन’ म्हणजे ओढून उपटले जाणे. पट्टा, साखळी, रोलर किंवा फिरता ड्रिल हातमोजा ओढून घेतो तेव्हा असे होते. ‘डीग्लोव्हिंग’मध्ये हाड जागेवर राहते, पण हातमोजा निघावा तशी कातडी सोलून निघते. ‘गिलोटिन ॲम्प्युटेशन’ म्हणजे धारदार पात्याने एका सरळ रेषेत झालेला छेद. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या शिरच्छेदाच्या यंत्रावरून हे नाव आले.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मनगट आणि हात चिरडण्याला ‘एस ६७’, तर मनगट, हात किंवा बोटे अपघातात तुटण्याला ‘एस ६८’ असे स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे बोट गेलेले असताना निदानात फक्त ‘क्रश इंज्युरी हँड’ लिहिले, तर नोंद चुकीची नसते, पण अपुरी असते. हात चिरडला एवढेच ती सांगते. अवयव गेला, हे सांगत नाही.

बोट किती गेले, हे कसे लिहितात?

मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे : पेर. उसाला असतात तशी बोटालाही पेरे असतात. इंग्रजीत पेराच्या हाडाला ‘फॅलँक्स’ म्हणतात, अनेकवचन ‘फॅलँजेस’. चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात : नखाकडचे ‘डिस्टल’ किंवा ‘टर्मिनल’, मधले ‘मिडल’ आणि तळव्याकडचे ‘प्रॉक्झिमल’. अंगठ्याला दोनच पेरे असतात. तळव्यातल्या हाडाला ‘मेटाकार्पल’ म्हणतात. ‘थ्रू मिडल फॅलँक्स’ असे लिहिले असेल, तर मधल्या पेरातून बोट तुटले. ‘डिसआर्टिक्युलेशन’ लिहिले असेल, तर हाड न कापता सांध्यातून भाग वेगळा झाला.

खरा घोटाळा बोटांच्या क्रमांकात होतो. ‘थर्ड डिजिट’ म्हणजे अंगठ्यापासून मोजलेले तिसरे, म्हणजे मधले बोट. ‘थर्ड फिंगर’ लिहिले, तर अनेक जण अंगठा सोडून मोजतात आणि ते बोट अनामिका ठरते. त्यामुळे क्रमांकाऐवजी नाव लिहिणे सुरक्षित : थंब, इंडेक्स, मिडल, रिंग, लिटल. म्हणजे अंगठा, तर्जनी, मधले बोट, अनामिका, करंगळी. सोबत ‘राइट’ की ‘लेफ्ट’ हेही हवे.

या शब्दांचे टक्के कसे होतात?

कामगार भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवाच्या नुकसानीची यादी आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘कमावण्याच्या क्षमतेतील घट’ टक्क्यांत दिली आहे. कर्मचारी राज्य विमा अर्थात ईएसआय कायदा १९४८ चा, त्यातही अशीच यादी आहे. दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले आहेत. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. अवयव, पातळी आणि टक्के ही रचना संहितेतही कायम आहे.

यादीनुसार पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, अंगठ्याचे टोकाचे पेर गेले तर २० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९ टक्के. मधल्या बोटासाठी हेच आकडे १२, ९ आणि ७ आहेत. अनामिका किंवा करंगळीसाठी ७, ६ आणि ५. एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५० टक्के. मनगटापासून हात गेला तर ६० आणि दोन्ही हात गेले तर १०० टक्के. उजवा हात की डावा, असा फरक यादी करत नाही.

यादीतली सर्वांत बारीक नोंद ‘हाड न जाता टोकाचे गिलोटिन ॲम्प्युटेशन’ अशी आहे. बोटाचे मांस आणि नख गेले, पण हाड शाबूत राहिले, तर तर्जनीला ५, मधल्या बोटाला ४ आणि अनामिका किंवा करंगळीला २ टक्के. म्हणजे तर्जनीच्या टोकाचे हाड गेले की नाही, या एका मुद्द्यावर ९ आणि ५ टक्के असा फरक पडतो. कागदावर फक्त ‘फिंगर टिप इंज्युरी’ लिहिले असेल, तर हा मुद्दा उघडाच राहतो. त्याचे उत्तर एक्स-रे देतो. म्हणून अपघाताच्या दिवशीचा एक्स-रे आणि जखम भरल्यावरचा एक्स-रे, दोन्ही जपून ठेवण्याचे कागद आहेत.

टक्क्यांचे रुपये कसे होतात?

१९२३ च्या कायद्यातले सूत्र असे : मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि त्याला कमावण्याच्या क्षमतेतील घटीचे टक्के लावायचे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. २५ व्या वर्षी गुणक २१६.९१ आहे.

२५ वर्षांचा, १५,००० रुपये वेतनाचा कामगार घेऊ. ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. गुणिले २१६.९१ केल्यावर १९,५२,१९० रुपये होतात. ही १०० टक्के अपंगत्वाची रक्कम. तर्जनी पूर्ण गेली तर तिचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,७३,३०७ रुपये. एक पेर गेले तर सुमारे १,७५,६९७ रुपये. हाड न जाता टोक गेले तर सुमारे ९७,६१० रुपये.

‘थर्ड फिंगर’चा घोटाळाही याच हिशेबात मोजता येतो. मधले बोट पूर्ण गेले तर सुमारे २,३४,२६३ रुपये, अनामिका गेली तर सुमारे १,३६,६५३ रुपये. हाताच्या बोटाचा क्रमांक चुकीचा वाचला गेला, तर या कामगाराच्या भरपाईत जवळपास ९७,६०० रुपयांचा फरक पडतो.

ईएसआय असेल तर काय?

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ईएसआय योजनेत येतात. अशा कामगाराला मालकाकडून वर दिलेली एकरकमी भरपाई मागता येत नाही. त्याऐवजी विमा महामंडळाकडून दरमहा लाभ मिळतो. उपचार सुरू असताना तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. जखम स्थिर झाल्यावर वैद्यकीय मंडळ कायमस्वरूपी घटीचे टक्के ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर लाभ मिळतो.

दिवसाचे सरासरी वेतन ५०० रुपये असेल, तर त्याचे ९० टक्के ४५० रुपये होतात. १४ टक्के घट धरली तर दिवसाला ६३ रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १,८९० रुपये. ५ टक्के धरली तर महिन्याला साधारण ६७५ रुपये. रक्कम लहान वाटते, पण २५ व्या वर्षी बोट गमावलेल्या कामगारासाठी हा फरक पुढची कित्येक दशके चालतो.

कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली, ही अट नसते. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळू शकतो. मालकाने नोंदणी केली नव्हती म्हणून हक्क जात नाही. महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील अपघातांवर ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल प्रसिद्ध करते. विम्याचे ई-पहचान कार्ड अनेक कामगारांच्या हातात अपघातानंतरच पडते, हे या अहवालांनी वारंवार दाखवले आहे.

बोट पुन्हा जोडले तर भरपाई जाते का?

तुटलेला भाग सूक्ष्म शस्त्रक्रियेने पुन्हा जोडण्याला ‘रिप्लांटेशन’ म्हणतात. स्वच्छ कापलेले बोट जोडले जाण्याची शक्यता जास्त असते. चिरडलेले किंवा उपटलेले बोट जोडणे अवघड असते, कारण रक्तवाहिन्या दूरपर्यंत फाटलेल्या असतात.

तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून, बंद प्लास्टिक पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. भाग थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवला तर पेशी मरतात. थंड न ठेवलेले बोट साधारण १२ तासांपर्यंत जोडण्यायोग्य राहू शकते. मनगटाच्या वरून तुटलेल्या हातात स्नायू जास्त असल्याने ती मुदत सुमारे ६ तासांवर येते. म्हणून शिफ्ट संपण्याची किंवा सुपरवायझर येण्याची वाट पाहण्यात वेळ घालवता येत नाही.

जोडलेले बोट दिसायला पूर्ण असले तरी ते ताठर किंवा बधिर राहू शकते. कायद्याच्या यादीखाली यासाठी एक टीप आहे : अवयवाचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असे धरावे. कागदावर ‘रिप्लांटेशन सक्सेसफुल’ एवढेच लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ बोट जिवंत राहिले, असा होतो. ते वाकते का आणि पकड बसते का, याची नोंद वेगळी घ्यावी लागते. ‘स्टिफनेस’, ‘ग्रिप’, ‘पिंच’ आणि ‘रेंज ऑफ मूव्हमेंट’ हे त्यासाठीचे शब्द.

यादीतले टक्के अंतिम असतात का?

‘मेडिकल डिसॲबिलिटी’ आणि ‘लॉस ऑफ अर्निंग कपॅसिटी’ हे दोन शब्दप्रयोग सारखे वाटतात, पण ते वेगळे आहेत. पहिला शरीराचे नुकसान मोजतो, दुसरा कमाईचे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात गमावलेला कामगार सुतार होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान १०० टक्के धरण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये कायम केला. रस्ते अपघाताशी संबंधित राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालातही न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितला. हात गेल्यावर चालक किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण थांबते, पण सरकारी लिपिकाची नोकरी टिकू शकते.

म्हणून कागदावर ‘लेबर’ किंवा ‘वर्कर’ असा व्यवसाय लिहिणे आणि ‘प्रेस ऑपरेटर’, ‘वेल्डर’, ‘सीएनसी सेटर’ असे नेमके लिहिणे यात फरक आहे. यादी उजवा-डावा हात पाहत नसली, तरी कामाचा हात कोणता होता, हे कमाईच्या मुद्द्यावर मांडता येते.

अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र हा तिसरा, वेगळा हिशेब आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि ते मोजण्याची पद्धत निराळी आहे. त्या प्रमाणपत्राचे टक्के आणि भरपाईचे टक्के एकच असतील, असे धरून चालता येत नाही.

‘अलेज्ड हिस्टरी’ म्हणजे डॉक्टरांचा अविश्वास?

नाही. ‘अलेज्ड’चा रोजचा अर्थ ‘कथित’ असल्याने अनेकांना ते आरोपासारखे वाटते. वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत, म्हणजेच एमएलसीत, ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ’ याचा अर्थ ‘सांगितल्याप्रमाणे’ इतकाच. डॉक्टर घटनास्थळी नव्हते, म्हणून ते ऐकलेली माहिती अशी लिहितात. त्या शब्दापुढे काय लिहिले आहे, ते महत्त्वाचे. सोबत आलेल्या व्यक्तीने ‘घरी लागले’ किंवा ‘दरवाजात बोट सापडले’ असे सांगितले, तर तेच लिहिले जाते आणि पुढे अपघात कामावर झाला हे सिद्ध करण्याचा भार वाढतो. रुग्णालय पिंपरीतले यशवंतराव चव्हाण स्मृती असो, मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय असो, चाकणचे ग्रामीण रुग्णालय असो की खासगी, नोंदीची पद्धत हीच असते. कामगार शुद्धीत असेल, तर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण आणि यंत्राचे नाव त्याने स्वतः सांगणे चांगले.

कागद हातात आल्यावर काय तपासावे?

डिस्चार्ज कार्डावर सहा गोष्टी दिसायला हव्यात : हात उजवा की डावा, बोटाचे नाव, कोणत्या पेरातून किंवा सांध्यातून भाग गेला, हाड गेले की नाही, अपघात कशाने आणि कुठे झाला, आणि कामाचे नेमके स्वरूप. यापैकी काही राहिले असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नोंद पूर्ण करण्याची विनंती करता येते. डिस्चार्जच्या दिवशी हे काम काही मिनिटांचे असते. काही महिन्यांनी वैद्यकीय मंडळासमोर तेच सिद्ध करायला जुने एक्स-रे आणि केसपेपर शोधावे लागतात.

वैद्यकीय मंडळाने ठरवलेले टक्के मान्य नसतील, तर ईएसआयच्या विमाधारकाला ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते. ईएसआय लागू नसेल, तर भरपाई आयुक्तांकडे अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा करायचा असतो. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो : पहिल्या कागदावर काय लिहिले आहे?